एका टेबलावर कधीच न बसलेले मित्र

अठ्ठीनव्वी (धागाकर्ता)

मंडळी, इथं हळदीच्या भावापासून कासच्या गर्दीपर्यंत सगळ्यावर धागे निघतात. पत्त्यांवर निघाला की मात्र तिसऱ्या प्रतिसादात 'जुगारी' येतोच. तो शब्द मीच आधी लिहून टाकतो, म्हणजे कुणाचा खोळंबा नको.

विषय ऑनलाइन पोकरचा, आणि त्याहून जास्त त्यातून मिळालेल्या माणसांचा. २२ ऑगस्ट २०२५ ला नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले. गणपती तोंडावर आलेले. आमच्या ग्रुपवर दोन दिवस नुसती तीच चर्चा, आणि मग कुणीतरी विचारलं, "आता ग्रुप ठेवायचा का बंद करायचा?" त्यावर जे झालं ते शेवटी सांगतो. आधी ग्रुप काय आहे ते.

ओळख झाली ती एका फ्रीरोलमध्ये. प्रवेश फुकट, बक्षीस किरकोळ, गर्दी जत्रेएवढी. माझ्या हातात दोन एक्के आणि समोरच्यानं सत्ती-दुर्री घेऊन शेवटच्या पानावर मला उडवलं. मी चॅटमध्ये इंग्रजी अक्षरांत एक अस्सल सांगलीची शिवी हाणली. टेबलावर बाकी कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. पलीकडून उत्तर आलं, "काय पावनं, मारुती चौकातलं का?"

तो तासगावचा निघाला. द्राक्षबाग आहे. टोपणनाव 'बेदाणा', इथंही त्याच नावानं वावरतो. मग असेच एकेक जमत गेले. मिरजेत हॉस्पिटलात रात्रपाळी करणारा एक. कराडच्या एक मॅडम, बँकेत आहेत, आमच्यातल्या सगळ्यात थंड डोक्याच्या. इस्लामपूरचा एक ऊसवाला, ज्याला शेतीची लाइट रात्रीची असली की मोटर चालू करून बांधावर बसावं लागतं, आणि पाणी सरीच्या टोकाला पोचेस्तोवर हातात मोबाइल सोडून दुसरं काय असणार? साताऱ्याचे दोघं. एकूण आठ-दहा जण, कमीजास्त होत राहिले.

आता गंमत ऐका. पोकरमुळे भेटलेले आम्ही, पण पैशांच्या टेबलावर कधी एकत्र खेळलो नाही. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ओळखीच्या दोघांनी एका टेबलावर बसायचं नाही. एकमेकांना माहीत असलेले दोघं बसले की मनात नसलं तरी एकमेकांवर हात हलका पडतो, आणि खिसा कापला जातो तिसऱ्याचा. याला कोल्युजन म्हणतात आणि खेळात याच्याएवढं हलकट काही नाही. लॉबीत, म्हणजे टेबलांच्या यादीत, नाव दिसलं की दुसऱ्यानं दुसरं टेबल बघायचं. तेव्हापासून तसंच चाललं.

मग करत काय होतो? हात टाकत होतो. म्हणजे रात्री खेळलेला एखादा डाव सकाळी ग्रुपवर लिहायचा: माझी पानं ही, समोरचा बसला कुठं, पॉट (मध्ये जमलेली रक्कम) केवढा, त्यानं किती लावले, मी काय केलं आणि का. मग बाकीचे सोलून काढणार. जिंकलेला हातसुद्धा सोलतात! "नशिबानं वाचलास, तिथं फोल्डच होता, पानं टाकूनच द्यायची." ऑफिसात, भावकीत, लग्नाच्या पंगतीत कुणी मला 'तू हे का केलंस' असं शांतपणे विचारून उत्तर ऐकत बसल्याचं आठवत नाही. इथं रोज व्हायचं. राग आल्यावर मी कसा वागतो, भीतीनं कुठं आखडतो, पैसे आल्यावर किती फुशारतो, हे या लोकांना माझ्या सख्ख्या मेहुण्यापेक्षा चांगलं माहीत.

दुसरं म्हणजे रेल. कुणी एखाद्या स्पर्धेत शेवटच्या दोन-तीन टेबलांपर्यंत पोचला की ग्रुपवर एकच शब्द पडायचा, 'रेल'. झोपलेले उठून यायचे आणि प्रेक्षक म्हणून टेबल उघडून बसायचे. बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, फक्त बघायचं. पहाटे तीनला आपल्या नावाखाली सात माणसं जागी आहेत हे दिसतं तेव्हा बरं वाटतं. ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल.

आणि उसनवारी बंद. एक रुपया नाही. हा नियम बेदाण्याचा. "पैसं दिलं की माणूस जातो, पैसं बी जातं."

मला खरं लिहायचंय ते २०१९ च्या पुराबद्दल.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. २००५ ला पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर खूण करून ठेवलेलं, त्यामुळं सगळी गल्ली त्या खुणेच्या भरवशावर. तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना. खूण पाण्याखाली. आम्ही वेळेत बहिणीकडं विश्रामबागला निघालो म्हणून माणसं सुखरूप, पण माझा फोन त्या गडबडीत गेला तो गेलाच.

इकडं ग्रुपवर मी गायब. यांना काळजी. आणि यांच्याकडं माहिती काय? 'अठ्ठीनव्वी'. नाव नाही, आडनाव नाही. आम्ही ठरवूनच खरी नावं वापरत नव्हतो. मग मिरजेच्यानं जुने मेसेज काढले. मी कधीतरी लिहिलं होतं की मार्केट यार्डात अडतीवर हिशेब बघतो. एवढ्या एका वाक्यावर कराडच्या मॅडमनी अडत दुकानांना फोन लावायला सुरुवात केली. प्रश्न काय विचारायचा? नाव तर नाही. "तुमच्याकडं हिशेबाला कोण गावभागातलं आहे का? रात्री जागल्यासारखं दिसणारं?" असं विचारत विचारत बाई आमच्या शेठपर्यंत पोचल्या. शेठनं बहिणीचा नंबर दिला. मॅडम पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या त्या एवढंच, "जिवंत आहात ना? बरं. ग्रुपवर सांगते." फोन ठेवला.

(शेठना त्या दिवशी कळलं की आपला दिवाणजी पत्ते खेळतो. तो तास वेगळा झाला.)

पाणी उतरल्यावर बेदाणा आला. ट्रॅक्टर, आणि मागं बागेला औषध मारायचा एचटीपी पंप. पुराचा गाळ वाळायच्या आत धुतला तर निघतो, वाळला की फरशीला सिमेंटसारखा बसतो. हे आम्हाला माहीत होतं, पण साधन नव्हतं. गल्लीत पाणीपुरवठा बंद, त्यानं टाकी भरूनच आणलेली. माझं घर झालं, शेजाऱ्यांचं झालं, त्याच्या पुढचं झालं. साताऱ्याचे दोघं फावडी आणि फिनेल घेऊन. आम्ही एकमेकांचे चेहरे पहिल्यांदा बघत होतो आणि सगळे चिखलानं सारखेच. आई विचारते, "हे कोण रे?" मी म्हणालो, मित्र. "कुठले?" आता काय सांगू?

तर, ग्रुप ठेवायचा का, या प्रश्नाचं काय झालं. ठेवला. आणि पैसे बंद झाल्यामुळं तो जुना नियम आपोआप गळाला. लावायलाच काही नाही तर कोण कुणाचा खिसा कापणार? इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही सगळे एका टेबलावर बसलो, खोट्या चिप्स घेऊन. तो पहिला फ्रीरोल सोडला तर बेदाणा माझ्यासमोर कसा खेळतो हे मला तोवर फक्त ऐकून माहीत होतं.

कुणाला असे मित्र मिळालेत का? पत्त्यांतून, बुद्धिबळातून, कशातूनही. लिहा.

---

भडंगवाला

लेख लई भारी. पण मूळ प्रश्न राहिलाच, खोट्या चिप्सवर कोण जिंकलं?

---

बेदाणा

मी. त्याला तोंडानं सांगवत नाही म्हणून शेवटी गुंडाळलंय.

---

यवतेश्वर_घाट

पत्त्यांतलं आमचं ज्ञान मेंढीकोट आणि बदाम सातपाशी थांबतं. पोकर म्हणजे तीन पत्तीच ना? की वेगळं? जरा सोपं करून सांगा की.

---

अठ्ठीनव्वी

@यवतेश्वर, तीन पत्तीत तुमची पानं तुमची, समोरच्याची त्याची. पोकरच्या आम्ही खेळतो त्या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं झाकलेली आणि मध्ये पाच पानं सगळ्यांची सामायिक. ती टप्प्यानं उघडतात: आधी तीन, मग एक, मग एक. सातांतली उत्तम पाच धरायची. प्रत्येक टप्प्याला बोली. त्यामुळं माहिती थोडी उघडी, थोडी झाकलेली असते आणि विचाराला जागा मिळते. सुरुवातीची दोन पानं १,३२६ प्रकारे येऊ शकतात. दोन एक्के यायची शक्यता २२१ डावांत एकदा. आणि ते आले तरी राजांच्या जोडीसमोर पाचांत एकदा हरतात, म्हणून सुरुवातीला ती शिवी.

---

कोरेगावची_लेक

कुणाला आवडणार नाही, तरी लिहिते.

माझा धाकटा भाऊ ऑनलाइन पत्त्यांत गेला. म्हणजे आहे, पण गेला. पोकर नव्हे, रमी. तुम्ही म्हणाल तो वेगळा खेळ. आमच्या घरात काही वेगळं दिसलं नाही. पगार, मग पतसंस्था, मग मोबाइलवरची कर्जं, मग वडिलांच्या वाटणीतली जमीन. हे सगळं होईपर्यंत तो आमच्यासमोर जेवत होता, हसत होता, शेजारी बसून मोबाइलवर बोट फिरवत होता.

तुम्ही पूर सांगितलात, चांगलं आहे. पण तुमच्या त्या छान ग्रुपमधला कुणी जिंकला तेव्हा ते पैसे कुणाचे होते? एकमेकांचे घेत नव्हता म्हणजे माझ्या भावासारख्याचेच ना? मित्राचा खिसा कापायचा नाही हा नियम. अनोळखी माणसाचा चालतो?

---

भडंगवाला

ताईंचा प्रश्न रास्त आहे. उत्तर यायला पाहिजे.

---

काळा_कोट

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण यावर लोक हमखास भांडतात. १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. पोकरबद्दल उच्च न्यायालयांत एकमत नव्हतं. कर्नाटकात २०१३ ला एक सूर, गुजरातेत २०१७ ला बरोबर उलटा. २०२५ च्या कायद्यानं ऑनलाइनपुरता हा वादच बाजूला सारला: कौशल्य असो की नशीब, पैसे लावले की बंदी. शिक्षा खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पैसे न लावता खेळायला हरकत नाही.

बाकी ताईंनी विचारलंय ते कायद्याचं नाहीच.

---

कराडी_रेल

मीच त्या बँकेतल्या मॅडम. ताई, तुमच्या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण आमच्या ग्रुपवर मी तो आधी विचारला होता.

हो, अनोळखी माणसाचेच. त्याला गोड नाव देणार नाही. लहान टेबलावर वाईट खेळणाऱ्यांचे पैसे बरे खेळणाऱ्यांकडं जातात आणि दोघांकडून टेबलाचा मालक दर डावाला आपला कट काढतो. २०२३ पासून तर जिंकण्यातही राम उरला नव्हता. एप्रिलपासून निव्वळ जिंकलेल्यावर ३० टक्के टीडीएस, ऑक्टोबरपासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी. मी तेव्हाच पैशांचा खेळ सोडला. पुण्याईनं नव्हे, हिशेबानं.

पण अठ्ठीनव्वींनी एक गाळलंय. ग्रुपमध्ये आणखी एक जण होता. उसने द्यायचे नाहीत हा नियम आम्ही काटेकोर पाळला, आणि तो बाहेरून घेत राहिला. हात टाकायचा बंद झाला. आम्हाला वाटलं कामात असेल. कळलं तेव्हा त्यानं ग्रुप सोडलेला होता. पुरात ज्या बाईनं नाव माहीत नसलेल्या माणसाला अडत दुकानांतून हुडकून काढलं, तिनं याला एक फोनही केला नाही. तो गायब झालाय हे आम्हाला दिसलंच नाही, कारण पूर नव्हता.

नंतर मी केला. उचलत नाही. अधूनमधून करते.

---

अठ्ठीनव्वी

गाळलं खरं. त्याची परवानगी घ्यायला तो भेटत नाही म्हणून. मॅडमनी लिहिलं ते बरं झालं.

@कोरेगावची_लेक, तुमच्या भावाशी कुणी खेळाबद्दल बोलायचं का? पैशांबद्दल नव्हे, डावाबद्दल?

---

कोरेगावची_लेक

नाही. घरात विषय निघाला की भांडणच. त्याला फोन यायचे ते वसुलीवाल्यांचे.

मॅडम, तुम्ही सरळ लिहिलंत. तुमच्याशी भांडायला आले होते.

तरी बंदी आली ते चांगलंच झालं असं माझं मत आहे. तुमचे मित्र तुम्हाला राहिले, आमच्याकडं निदान नवीन काही जाणार नाही. आता बेकायदा आडवाटेनं सुरू आहे म्हणतात, तिकडं कुणी जाऊ नका एवढंच.

---

बेदाणा

ताई, बंदीबद्दल तुमच्याशी वाद नाही माझा. ग्रुपवर पन्नास-पन्नास झालंय. ऊसवाला अजून चिडलेला आहे, मी नाही. मला बागेत पहाटे लवकर उठता येतंय.

---

मिरज_जंक्शन

मी त्या ग्रुपमधला नाही, निवृत्त माणूस. पण धाग्यातला शेवटचा प्रश्न माझ्यासाठी आहे असं समजून लिहितो.

आमचं ब्रिज. रेल्वेत असताना क्लबात चार जण ठरलेले. ब्रिजमध्ये तर जोडीदार समोरच बसतो आणि त्याच्या चुकीनं तुम्ही हरता, म्हणजे मैत्रीची परीक्षा दर डावाला. माझा जोडीदार एरवी देवमाणूस, पण मी चुकीचं पान टाकलं की चष्मा काढून पुसत बसायचा. एक शब्द बोलायचा नाही. त्या चष्म्याची मला साहेबापेक्षा जास्त भीती. लॉकडाउनमध्ये क्लब बंद पडला तेव्हा नातीनं आम्हाला चौघांना ऑनलाइन टेबल लावून दिलं. चष्मा दिसेना, पण उत्तराला वेळ लागला की कळायचं, पुसतोय.

पत्ते म्हणजे वाया गेलेली माणसं, असं म्हणणाऱ्यांसाठी: २०१८ च्या जाकार्ता आशियाई खेळांत भारताला ब्रिजमध्ये सुवर्ण मिळालं. प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार, एक साठीचा, दुसरा पन्नाशीच्या पुढचा. आम्ही चौघांनी त्या दिवशी स्वतःलाच पदक मिळाल्यासारखे पेढे खाल्ले. कंदी.

जोडीदार गेला. बाकी तिघे आहोत. चौथा मिळेना.

---

यवतेश्वर_घाट

काका, ब्रिज शिकायला किती वेळ लागतो? मेंढीकोट चांगलं येतं.

---

मिरज_जंक्शन

हुकूम आणि जोडीदार कळतात ना, मग निम्मं आलं. बोली शिकायला पावसाळा जाईल. व्यनि (खासगी निरोप) करा.

---

भडंगवाला

धाग्यात एक तरी हात टाका की राव. नुसतंच वर्णन.

---

ऊस_आणि_लाइट

मी टाकतो. काल रात्रीचा. आमच्या फुकटच्या टेबलावरचा, मोटर चालू होती.

माझ्याकडं बदामचा एक्का, बदामची दश्शी. मध्ये उघडलं: बदामचा राजा, किलवरची सत्ती, बदामची दुर्री. पॉट ६००. समोर बेदाणा. त्यानं उरलेल्या सगळ्या ६०० चिप्स ढकलल्या. मी काय करावं? मी काय केलं ते नंतर सांगतो.

---

यवतेश्वर_घाट

हातात तर काहीच नाही तुमच्या. फोल्ड.

---

कराडी_रेल

फोल्ड नाही. ६०० घालून १,२०० जिंकायचे आहेत, म्हणजे तीनांत एकदा जिंकलात तरी बरोबरीत सुटता. बदामची चार दिसताहेत, नऊ उरली. दोन पानं यायची आहेत, त्यात एखादं बदाम पडायची शक्यता ३५ टक्के. नुसत्या कलरवरच (एकाच रंगाची पाच पानं) भागतं. शिवाय बेदाण्याकडं फक्त राजाची जोडी असेल तर तुमचा एक्का आला तरी तुम्ही पुढं. मग हे ४५ पर्यंत जातं. कॉल, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालून बघायचं.

---

अठ्ठीनव्वी

मॅडम, बेदाणा एका राजावर सगळ्या चिप्स ढकलेल का? मला सत्तीची तिकडी दिसते. तशी असेल तर संधी पावभागावर येते आणि हिशेब उलटा होतो.

---

कराडी_रेल

पैशांचा असता तर ढकलला नसता. खोट्या चिप्सवर तो काहीही ढकलतो. गेल्या रविवारचा हात बघा.

---

बेदाणा

मी इथंच आहे बरं का.

---

ऊस_आणि_लाइट

कॉल केला. शेवटचं पान उघडायच्या आत लाइट गेली, मोबाइलची रेंजबी. परत आलो तर वेळ संपून टेबल बंद. बेदाणा, तुझ्याकडं काय होतं ते आता तरी सांग.

---

बेदाणा

रविवारी सांगतो.